राज्य कुणावर?

*मुलांचे खेळ हरवले, असे आपण म्हणतो आणि मोबाइलच्या नावाने बोटे मोडतो. पण मोबाइल घरात आला तेव्हा अंगण आधीच रिकामे झालेले होते. पाचोऱ्यासारख्या गावात मुलांचा खेळ कुठे नांदत होता, तो कोणत्या कायद्याने चालत होता आणि तो पुन्हा नांदायचा असेल तर मोठ्यांना काय करावे लागेल, याचा हा धांडोळा.*

घरोघरी भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेले असते, त्यात कधीच छापले गेले नाही असे एक पंचांग पूर्वी गावातल्या मुलांकडे असे. त्यात तिथी नव्हती, मुहूर्त नव्हता. पण कोणत्या महिन्यात कोणता खेळ निघणार, हे त्यात पक्के ठरलेले होते. ते कुणी वाचून दाखवत नसे. एखाद्या सकाळी गल्लीत एक पोरगा कनवटीला भोवरा लावून उतरायचा आणि चार दिवसांत गावभर भोवरेच भोवरे व्हायचे. पंधरा-वीस दिवस गेले की ते जसे आले तसे नाहीसे व्हायचे. मग खिशात गोट्या खुळखुळू लागायच्या. भोवऱ्यांच्या दिवसांत गोट्या काढणाऱ्या मुलाकडे इतर मुले अशी पाहत, की जणू त्याने ऐन दिवाळीत पोळ्याचे बैल रंगवायला काढले आहेत!

पाचोरा हे मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे, जळगाव जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. हिवरा नदीच्या काठचे. आजूबाजूला काळी जमीन, कापूस, केळी, ज्वारी. गावात कापसाचे जिनिंग कारखाने, धान्याचा बाजार आणि अहिराणी नि तावडी या दोन्ही बोलींचे शब्द कानावर पडतील अशी मिसळलेली वस्ती. अशा गावाचे म्हणून जे काही होते, ते सगळे मुलांनी आपल्या खेळात ओढून घेतले होते. खेळायला म्हणून वेगळे काही विकत आणायचे असते, ही कल्पनाच त्या काळी बहुतेक घरांत नव्हती.

नदी, कापूस आणि पी. जे.

हिवरेला पावसाळ्यात पूर येई तेव्हा ती मोठ्यांची चिंता असे. उन्हाळ्यात ती आटली की मुलांची मालमत्ता होई. वाळूचे कोरडे पात्र म्हणजे गावातले सर्वांत मोठे मैदान. तिथे विटी कितीही लांब गेली तरी कुणाची खिडकी फुटत नसे आणि कुणी पडले तरी गुडघा फुटत नसे. पहिल्या पावसाने माती मऊ झाली की लोखंडी सळई जमिनीत रोवत रोवत पुढे जायचे आणि जिथे ती आडवी पडेल तिथून हरलेल्याने लंगडी घालत परत यायचे, हा खेळ निघे. श्रावण सरता सरता चिकणमातीचे बैल होत. त्यांची शिंगे वाळताना तडकत आणि ती काडी खुपसून पुन्हा बसवली जात.

दिवाळीच्या सुमारास घरात कापूस येई. भाव चढेपर्यंत तो विकायचा नाही, म्हणून शेतकऱ्याच्या घरात एक अख्खी खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली असे. कापसाच्या त्या ढिगावर उड्या मारण्यात जी गंमत होती ती पुढे कुठल्याही गादीत सापडली नाही. घरातली माणसे ओरडत, कारण कापूस दबतो, मळतो आणि अंगाला खाज सुटते. खाज सुटायचीच. संध्याकाळी पाठ खाजवणाऱ्या पोराला, दुपारी तू कुठे होतास, हे विचारण्याची गरज आईला पडत नसे.

संक्रांतीला आकाश पतंगांचे. उन्हाळ्यात सूरपारंब्या, लपंडाव, आट्यापाट्या. ऊन अगदीच चढले की ओसरीवर खडूने पट आखून चिंचोक्यांचा खेळ. त्याला कुणी चल्लस-आठ म्हणे, कुणी अष्टचंग. नऊ-नऊ खड्यांच्या नवकंकरीचा पट तर महाराष्ट्रातल्या कितीतरी लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या दगडात कोरलेला सापडतो. म्हणजे पहाऱ्यावरचा शिपाई किंवा वाटेत विसाव्याला टेकलेला वाटसरू जे खेळत होता, तेच शेकडो वर्षांनी पाचोऱ्याच्या ओसरीवर चालले होते.

आणि पाचोऱ्याच्या मुलांचे स्वतःचे असे एक खेळणे होते, जे दुसऱ्या गावांकडे नव्हते. ते म्हणजे पी. जे. पाचोरा-जामनेर ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी गाडी. छप्पन्न किलोमीटरचा प्रवास ती इतक्या सावकाश करी, की चढावर तिच्याबरोबर धावत जाण्याची पैज सहज लागे. मोठी माणसे तिला नावे ठेवत. मुलांना मात्र ती आपल्या मापाची वाटे. एकमेकांच्या सदऱ्याचे टोक धरून गल्लीत जी आगगाडी निघे ती मुंबईला कधी जात नसे. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर असे थांबे घेत जामनेरलाच जाई. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबलेली ही गाडी त्या रूपात पुन्हा धावली नाही. तो मार्ग रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. ते योग्यच आहे. जामनेरच्या माणसाला वेगाने पोचायचे आहे. पण गल्लीतली आगगाडी त्याच्या कितीतरी आधी बंद पडली होती, आणि तिचे कारण रुळांत नव्हते.

मुलांचे कायदेकानून

हे कारण समजून घ्यायचे तर खेळांच्या नावांपेक्षा त्यांच्या कायद्याकडे पाहावे लागते. मराठी मुलांच्या खेळात ज्याच्यावर डाव येतो, ज्याला इतरांना शोधायचे किंवा पकडायचे असते, त्याच्यावर 'राज्य' आले असे म्हणतात. मोठ्यांच्या जगात राज्य मिळावे म्हणून माणसे जिवाचे रान करतात. मुलांच्या जगात राज्य ही शिक्षा! ते आपल्यावर येऊ नये म्हणून सगळे पळतात आणि आलेच तर ते फेडल्याशिवाय घरी जाता येत नाही. ही राजनीती कुणी शिकवली असेल?

राज्य कुणावर यायचे हे ठरवायला मुले चकतात. हात एकदम पुढे करायचे. कुणाचा तळवा वर, कुणाचा खाली. जो वेगळा पडला तो सुटला. शेवटी दोघेच उरले की तिसऱ्याने येऊन हात द्यायचा. पंच नाही, नाणे नाही, चिठ्ठी नाही. दमलेल्याला, चप्पल तुटलेल्याला 'टाइम प्लीज' म्हणून थांबण्याची सोय. वारंवार भांडणाऱ्याला 'रडी खेळतो' हा शेरा. आणि तो एकदा बसला की महिनाभर पुसला जात नसे. न्याय इतक्या झटपट मिळे, कारण खेळ थांबणे कुणालाच परवडणारे नसे.

या कायद्यातले सर्वांत शहाणपणाचे कलम म्हणजे लिंबूटिंबू. मोठ्या मुलांमागे त्यांची चार-पाच वर्षांची भावंडे लटकलेली असत. त्यांना घ्यावे तर खेळ बिघडतो, न घ्यावे तर घरी रडारड होते. तेव्हा त्यांना लिंबूटिंबू करून घ्यायचे. लिंबूटिंबू धावतो, लपतो, ओरडतो; पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. दुबळ्याला वगळायचे नाही आणि त्याच्यासाठी खेळही मोडायचा नाही. वर्ष-दोन वर्षे असे धावून झाले की एके दिवशी तो स्वतःच म्हणे, 'मी आता लिंबूटिंबू नाही.' त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येई आणि तो ते मिरवत घेई.

खेळ एका पिढीकडून दुसरीकडे जात होते ते याच वाटेने. आई-बापांनी मुलांना विटी-दांडू शिकवला, असे फारसे कधी घडले नाही. बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ वर्षांच्या मुलाकडे आणि त्याच्याकडून सहा वर्षांच्या मुलाकडे तो उतरत गेला. विटी-दांडू खेळताना ठिकठिकाणी थोड्याफार फरकाने वकट, लेंड, मूंड, नाल अशी मोजदाद होते. या शब्दांचे मराठी अंकांशी काही नाते नाही. तेलुगूतले ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु हे अंक आठवले की नाते लगेच कळते. कोणत्या काळी, कुणाच्या तोंडून हे शब्द मराठी मुलखात आले, ते मुलांनी कधी विचारले नाही. त्यांनी फक्त ते सांभाळले. मोठ्यांच्या भाषेतून जे गळाले असते, ते मुलांच्या तोंडी टिकले. सतराव्या शतकात तुकोबांनी विटी-दांडू, हुतूतू, हमामा, फुगडी, मृदंगपाट्या अशा खेळांची रूपके घेऊन अभंग रचले. तीन-साडेतीनशे वर्षांनंतरही त्यांतले बरेचसे खेळ गल्लीत जिवंत होते. एवढी लांब साखळी शाळेविना, पुस्तकाविना टिकली, ती केवळ मोठे पोर आणि धाकटे पोर एकाच अंगणात होते म्हणून.

मुलींचा डाव

मुलींचे पंचांग आणखी वेगळे. खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई घरोघर बसते. भुलाबाई आणि भुलोजी म्हणजे शिवपार्वतीचेच लौकिक रूप. महिनाभर संध्याकाळी मुली एका घरातून दुसऱ्या घरात जायच्या, टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणायच्या. गाणी संपली की खरा खेळ सुरू व्हायचा. झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची! डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा. गोड की तिखट, कोरडे की ओले, दाण्याचे की डाळीचे, असे एकेक प्रश्न विचारत नेमके नाव काढायचे. यजमानीण मुलगी हरू नये म्हणून तिची आई दुपारभर डोके लढवून असा काही पदार्थ करी, की तो कुणाला सुचूच नये. शेवटी नाव कळो वा न कळो, खिरापत सगळ्यांना मिळे. हरण्यातही तोंड गोड होणारा असा डाव दुसरा नाही.

वैशाखात आखाजी. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येत, निंबाच्या फांदीला झोके लागत. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या कवितेत या आखाजीच्या झोक्याला जागा मिळाली ती उगाच नव्हे. वर्षभर चूल, चक्की आणि शेत यांत बांधलेल्या बाईला त्या दोन-चार दिवसांत पुन्हा मुलगी होता येत असे. म्हणजे खेळ हा फक्त लहानांचा नव्हता. मोठ्या बाईला आपले हरवलेले वय परत भेटण्याची ती जागा होती.

इथेच एक गोष्ट मोकळेपणी बोलायला हवी. 'आमच्या वेळी' असे म्हणताना आपण ते बालपण सगळ्यांचे होते असे समजतो. ते तसे नव्हते. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिचे धावणे-पळणे बंद होई. त्याआधीही ठिकरी खेळताना तिच्या कडेवर धाकटे भावंड असे आणि सागरगोट्यांचा डाव रंगात आला की हटकून घरातून हाक येई. मुलगा वाळूत पार अंधार पडेपर्यंत राहू शके. मुलीचा खेळ उंबरठ्याच्या आवाजाच्या टप्प्यात असे. मजुरांच्या मुलांना दिवाळीची सुटी म्हणजे कापूस वेचणीचा हंगाम. शेळ्या राखणाऱ्या पोराने काठीचे, दगडाचे, गोफणीचे खेळ शोधले ते शेळ्यांवर एक डोळा ठेवून. आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या मुलांना गावातल्या डावात चकायला हात पुढे करता येत होता का, हा प्रश्न ज्यांना तेव्हा पडला नाही, त्यांनी तो आता तरी स्वतःला विचारावा. आज एका बाकावर बसून शिकणारी, एका संघातून कबड्डी खेळणारी मुले-मुली पाहिली की काही गोष्टी बदलल्या ते फार चांगले झाले, असेच म्हणावे लागते.

तेव्हा जुने सारे परत यावे, असे या लेखाचे म्हणणे नाही. प्रश्न एवढाच आहे, की ज्या गोष्टी जायला हव्या होत्या त्यांच्याबरोबर जी जायला नको होती, ती कशी गेली?

अंगण रिकामे कसे झाले?

हे एका दिवसात घडले नाही. १९८३ मध्ये भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि गल्लीतल्या मुलांच्या पंचांगाची पाने भराभर उलटली. बारा महिने एकच खेळ सुरू झाला. विटी-दांडूची जागा चेंडूफळीने घेतली याचे दुःख नाही. तोही मैदानातलाच खेळ आहे. पण क्रिकेटला मुले एका वयाची लागतात. चार वर्षांचा लिंबूटिंबू फार तर चेंडू आणून देणार. आणि बहुतेक गल्ल्यांत मुलींना त्या खेळात कुणी बोलावलेच नाही.

त्यानंतर दूरदर्शन. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा गावातले रस्ते ओस पडत. तेव्हा ते आठवड्याचा एक तासच होते आणि तेही शेजाऱ्याच्या घरात वीस जण दाटीवाटीने बसून पाहायचे. पुढे वाहिन्या वाढल्या, तास वाढले आणि ज्याच्या-त्याच्या घरात ज्याचा-त्याचा संच आला. गल्लीत मोटारसायकली आल्या, रस्ते डांबरी झाले. हातात दांडू घेऊन उभे राहावे अशी जागा वाहनांनी घेतली. जुन्या वाड्यांतली कुटुंबे गावाबाहेरच्या कॉलन्यांत राहायला गेली. घर मोठे झाले, अंगणाला कुंपण आले, आणि कुंपणापलीकडच्या मुलाचे नाव ठाऊक नसण्याची सवय लागली. घरात मुले एक किंवा दोन. शाळा निरनिराळ्या, त्यांच्या रिक्षा आणि व्हॅन निरनिराळ्या, शिकवण्यांच्या वेळाही निरनिराळ्या. एकाच कॉलनीतली सहा मुले संध्याकाळी सहा वाजता एकाच ठिकाणी मोकळी सापडणे, हे आता लग्नाचा मुहूर्त काढण्याहून कठीण झाले आहे!

आकाशही तसे मोकळे राहिले नाही. पतंगाच्या दोऱ्याची जागा नायलॉनच्या मांजाने घेतली. तो पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापू लागला, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरी दर संक्रांतीला त्याच्या बातम्या येतातच. खेळात जिंकण्याची हाव कायद्यापलीकडे गेली की काय होते, याचे इतके धारदार उदाहरण दुसरे नसेल.

मोबाइल आला तो या सगळ्यानंतर. तो रिकाम्या जागी येऊन बसला. मग २०२० च्या टाळेबंदीने शाळाच त्या काचेत घातली आणि 'मोबाइल ठेव' म्हणणारे आईबापच 'मोबाइल घेऊन बस' असे म्हणू लागले. 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित कामासाठी तो वापरलेली मुले होती ५७ टक्के. समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. मोबाइलवरच्या खेळातही शर्यत आहे, जिंकणे-हरणे आहे, सोबतीही असतात. पण तिथे कायदा आधीच लिहून ठेवलेला असतो, तो कुण्या कंपनीचा असतो आणि त्यात लिंबूटिंबूची सोय नसते. भांडण झाले तर खेळ बंद करून दुसरा उघडता येतो. समजूत काढावी लागत नाही, आपली चूक कबूल करावी लागत नाही, उद्या पुन्हा त्याच्याच घरासमोर जाऊन हाक मारावी लागत नाही. गल्लीत मुले जे नकळत शिकत होती, ते नेमके एवढेच होते.

मैदान आणि अंगण

दुसरीकडे देशी खेळांना एवढे चांगले दिवस पूर्वी कधी आले नव्हते, हेही खरेच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. २०१४ पासून कबड्डीपटूंवर बोली लागू लागली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही अजिंक्यपद मिळवले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. ज्या खेळासाठी मुलीला एके काळी उंबऱ्यातून हाक येत होती, त्या खेळासाठी तिच्या नावाचा जयघोष झाला. ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मैदानावरचा खेळ आणि अंगणातला खेळ यांत फरक राहतोच. मैदानावर निवड होते. अंगणात हजर असेल तो गडी. मैदानावर पंच असतो. अंगणात मुलेच पंच. विश्वचषक जिंकणाऱ्या संघात बारा-पंधरा जण मावतात, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. भुलाबाईचेही थोडेसे तसेच. घरोघरची भुलाबाई कमी झाली तेव्हा जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानसारख्या संस्थेने भुलाबाई महोत्सव भरवून ती गाणी शाळकरी मुलींच्या तोंडी ठेवली. त्याबद्दल कृतज्ञच राहावे. तरी रंगमंचावर पहिला क्रमांक मिळवणे आणि शेजारच्या घरात डबा कानाशी धरून खिरापत ओळखणे, यांची चव वेगळी.

मुलांना खेळण्याचा हक्क आहे, हे जगाने लिहून दिले आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कांच्या करारात ३१ वे कलम त्यासाठीच आहे आणि भारताने १९९२ मध्ये तो करार मान्य केला. ११ जून हा २०२४ पासून जागतिक खेळ दिन म्हणून पाळला जातो. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवले. तरी 'असर'ने २०२४ मध्ये पाहिलेल्या ग्रामीण सरकारी शाळांपैकी आवारात मैदान होते ते सुमारे दोन तृतीयांश शाळांना. आणि जिथे मैदान आहे तिथेही शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते.

दहा टक्क्यांची गोष्ट

पाचोऱ्याच्या कुठल्याही नव्या कॉलनीत संध्याकाळी चक्कर मारा. घरांच्या रांगांमध्ये कुठे तरी एक मोकळा तुकडा दिसेल. गावात त्याला सगळे 'ओपन स्पेस' म्हणतात. तो कुणाच्या मेहेरबानीने सुटलेला नाही. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडायचे तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी, असा महाराष्ट्रातल्या बांधकाम नियमांचा दंडक आहे. प्रत्येक प्लॉट घेणाऱ्याने आपल्या पैशांत त्या मोकळ्या जागेची किंमतही मोजलेली असते. म्हणजे तुमच्या मुलाचे अंगण तुम्ही विकतच घेतले आहे. फक्त ते त्याच्या ताब्यात आहे का, एवढे पाहायचे.

बहुतेक गावांत ते नसते. त्या तुकड्यावर बाभळी उगवतात, बांधकामाचा राडारोडा पडतो, कुणाच्या तरी गाड्या उभ्या राहतात. किंवा हळूच एक ओटा होतो, ओट्यावर छत येते, छताला भिंती येतात. देऊळ असो, सभागृह असो, त्याला विरोध करायला कुणी धजत नाही. ज्यांची जागा गेली त्यांना मतदान नाही आणि सोसायटीच्या सभेत त्यांना कुणी बोलावत नाही. हल्ली काही ठिकाणी व्यायामाची लोखंडी यंत्रे बसवून, गवत लावून 'गवतावर चालू नये' अशी पाटी लावतात. हेतू चांगलाच असतो. पण मुलांना यंत्रेही नकोत आणि गवतही नको. त्यांना सपाट माती हवी, कडेला दोन सावलीची झाडे हवीत आणि आरडाओरडा झाला तर खिडकीतून न खेकसणारे शेजारी हवेत.

मुलांची खेळण्याची भूक मेली आहे, असे मात्र कुणी समजू नये. कॉलनीत कुणाच्या घराचे बांधकाम निघू द्या. वाळूचा एक ट्रॅक्टर रिकामा झाला की तासाभरात त्या ढिगावर मुले दिसतात. त्यांना कुणी बोलावलेले नसते. कुणी बोगदा खोदतो, कुणी किल्ला करतो, कुणी नुसताच घसरतो. मोठी असतात, लहान असतात. मुलगेही असतात, मुलीही. मोबाइल कट्ट्यावर पडलेला असतो. दोन दिवसांनी गवंडी त्यांना हाकलतो, तोपर्यंत तिथे नवे कायदे झालेले असतात, दोन भांडणे होऊन मिटलेली असतात आणि एखादे बारके पोर हळूच लिंबूटिंबू म्हणून आत शिरलेले असते. शिबिर लागत नाही, प्रशिक्षक लागत नाही. जागा, मोकळा वेळ आणि वेगवेगळ्या वयाची चार मुले एकत्र आली की बाकीचे ती स्वतः जमवतात.

तेव्हा करायचे ते फार अवघड नाही. आपल्या कॉलनीचा मंजूर नकाशा नगरपालिकेत पाहता येतो. त्यात मोकळी जागा किती आणि कुठे, हे एकदा सर्वांनी मिळून पाहावे. राडारोडा उचलून ती सपाट करावी आणि तिथे नवे काही बांधायचे निघाले तर आधी मुलांची आठवण काढावी. शाळेने संध्याकाळी दोन तास फाटक उघडे ठेवावे. त्यासाठी पालकांनी आळीपाळीने जबाबदारी घ्यावी. आठवड्यातून दोन संध्याकाळी कॉलनीतल्या सगळ्या शिकवण्यांना एकदमच सुटी असली, तर मुले एकमेकांना सापडतील. आजोबांनी एकदा विटी तासून द्यावी, आजीने पाच सागरगोटे हातात ठेवावेत. आणि मग दोघांनीही घरात जाऊन बसावे! तिथे उभे राहून 'असे नाही, तसे खेळा' म्हणू नये. मुले त्या विटीचे काय करतील ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. त्यांनी वकट-लेंडच्या जागी आणखी काही म्हटले तरी चालेल.

मुलांनी आपल्या परीने डाव नेहमीच चोख खेळला आहे. शेकडो वर्षांचे खेळ त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात दिले, त्यांतला एक शब्दही सांडू न देता. साखळी तुटली ती त्यांच्या हातून नव्हे. जागा आपण बांधून काढली, वेळ आपण वाटून टाकला आणि वर मोबाइलही आपणच हातात दिला. आता राज्य आपल्यावर आहे. आणि मुलांच्या कायद्यात ते फेडल्याशिवाय डाव अर्धा टाकून घरी जाता येत नाही.